बंद पडलेली पाच अक्षरं

३ तारीख, सोमवार

ही वही दुकानातली. वर्षाच्या सुरुवातीला मालकांनी दिली होती, कुणाचा चष्मा कधी द्यायचा ते टिपून ठेव म्हणून. मी ती कोरीच ठेवली, कारण असल्या गोष्टी माझ्या लक्षात राहतात. आज लिहायला घेतलीय ती वेगळ्या कारणाने. उद्या-परवा मी जे उघडणार आहे ते मला परत बंद करता आलं पाहिजे.

झालं असं. संध्याकाळी सहाच्या सुमारास मी दोघांची कॉफी केली. ताई टेबलापाशी बसली होती. कानावर हेडफोन, डोळे मिटलेले, बोटं बटणांवर टेकलेली पण थांबलेली. दोन्ही कप तिच्या हाताशी ठेवले आणि बेल वाजली. खालच्या मजल्यावरची शिंपीण, आमचं पाणी येतंय का विचारायला आली होती. दोन मिनिटं गेली असतील. परत येऊन पाहतो तर ताई उभी, खुर्ची मागे गेलेली, आणि कीबोर्डावरून कॉफी टेबलाच्या कडेने खाली ठिबकतेय. एक कप आडवा, एक उभा.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "कप काठावर ठेवायची माझी खोड जात नाही."

ताई आडव्या कपाकडे बघत होती. हेडफोन अजून कानावरच होते. पडद्यावर एकच अक्षर आपोआप उमटत होतं, ओळीमागून ओळ, ततततत. मी वायर उपसली, कीबोर्ड उलटा केला आणि मोरीत नेऊन उभा धरला. तो ठिबकत राहिला. ताई दारात येऊन पाहत उभी होती. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

४ तारीख, मंगळवार

दुपारच्या सुट्टीत कीबोर्ड घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने तो हातात घेतला, हलवून कानाशी धरला, आणि सरळ टोपलीकडे बोट दाखवलं.

"हे कुणी दुरुस्त करत नाही. नवा घ्या."

नवाच घेऊन आलो. काळा, चपटा, दिसायला देखणा. ताईने दोन ओळी लिहिल्या आणि हात मांडीवर ठेवले.

"हात बसत नाही रे यावर."

"सवयीने बसेल."

"बसेल," ती म्हणाली, आणि उठून खिडकीत जाऊन उभी राहिली.

हे काम किती अडलंय ते इथे लिहून ठेवतो. लोक बोललेलं ध्वनिमुद्रण पाठवतात आणि ताई ते ऐकून लिहून देते. आई अंथरुणाला खिळली तेव्हा घरबसल्या जमेल असं काम हवं होतं म्हणून सुरू केलं. आईला जाऊन चार वर्षं झाली, काम चालूच आहे. गेली सहा वर्षं मोठं काम एकाच माणसाचं. मी त्यांना खाडीवाले म्हणतो. दूर कुठे एका खाडीच्या तोंडाशी राहतात, पक्षी पाहतात आणि पाहिलेलं बोलून पाठवतात. त्याचं पुस्तक व्हायचंय. महिनाअखेर छापखान्यात द्यायचं आहे आणि शेवटचे अकरा तास लिहायचे राहिलेत. ते माझ्या एका कपाने अडवले.

जुना कीबोर्ड मी दुरुस्त करणार. दिवसभर चष्म्याचे स्क्रू बसवणाऱ्या माणसाला एवढं जमायला हवं.

५ तारीख, बुधवार

आधी फोटो काढला, कुठलं बटण कुठे ते कळावं म्हणून. ताईच्या कीबोर्डावरची निम्मी अक्षरं झिजून गेलीत. बोटांना माहीत आहेत, डोळ्यांना नाहीत. चमच्याच्या दांड्याला फडकं गुंडाळून एकेक बटण उचकटलं. एकशे चार निघाली. कोमट पाण्यात साबण घालून भिजत टाकली. पातेल्यात डोकावलं की भाषा भिजत घातल्यासारखी दिसते.

मागच्या बाजूला चौदा स्क्रू. तेरा दिसणारे, एक कागदी पट्टीखाली लपलेला. तो सापडेपर्यंत अर्धा तास गेला, कवच एका कोपऱ्यात हटूनच बसलं होतं.

ताई शेजारी बसून बघत होती. रोज या वेळी ती काम करत असते. म्हणाली, "इतकी वर्षं याच्यावर बोटं आपटली, आत काय आहे ते कधी मनातच आलं नाही."

"आत फारसं काही नसतंच," मी म्हणालो. आत पांढऱ्या रबराची चादर निघाली, प्रत्येक बटणाखाली एक छोटी उपडी वाटी. त्याखाली प्लॅस्टिकचे तीन पापुद्रे एकावर एक. वरच्या आणि खालच्यावर चांदीसारख्या रेघा, मधल्याला नुसती भोकं. बटण दाबलं की वरची रेघ भोकातून खालच्या रेघेला टेकते. बस्स. तेवढ्या टेकण्यातून अक्षर होतं.

ताईने ते ऐकून माझ्याकडे जरा विचित्रच पाहिलं. मग पापुद्र्यावरून बोट फिरवत म्हणाली, "एवढंसंच टेकतं?"

६ तारीख, गुरुवार

दुकानातून काच पुसायचं स्पिरिट आणलं. पापुद्रे सोडवताना चरचर आवाज आला. कॉफी आत शिरून दोन पापुद्र्यांच्या मध्ये वाळली होती, तपकिरी काठाचं तळं. कापसाच्या बोळ्याने पुसत गेलो. तळं सगळं चिकट. बोट लावलं तर चिकटून वर येतं.

हे काही कळेना. रक्तात साखर निघाल्यापासून माझी कॉफी बिनसाखरेची असते. दोन चमचे साखर ताई घेते. मग हा चिकटपणा कसला? वर्षानुवर्षांची धूळ आणि बोटांचा घाम भिजला की असंच होत असणार. ताईला विचारलं.

"असेल," ती म्हणाली आणि बोळे टाकायला रद्दी कागद घेऊन आली.

पापुद्रे दोरीवर चिमट्यांनी टांगलेत, उन्हापासून लांब. उन्हात प्लॅस्टिक वाकडं होतं. मोरीतून येताना दिवा त्यांच्यातून आरपार दिसला. भिंतीवर बारीक रेघांची सावली हलत होती, एखाद्या नद्यांच्या गावाचा नकाशा कुणी वाळत घातल्यासारखी. मी आणि ताई दोघंही जरा वेळ ती बघत उभे होतो. चहा उकळून सांडला.

८ तारीख, शनिवार

दोन दिवस पापुद्र्यांना हात लावायचा नाही असं ठरवलंय.

ताईला काम नाही. मला वाटलं ती अस्वस्थ होईल. तसं काही दिसत नाही. ती हेडफोन लावून गॅलरीतल्या खुर्चीत बसते आणि खाडीवाल्यांचे राहिलेले तास ऐकते. लिहीत नाही, नुसती ऐकते. मान मागे टाकून, पाय कठड्यावर. ताईला पाय वर घेऊन बसलेलं मी कधी पाहिलं होतं ते आठवेना.

दुपारी तिने एक हेडफोन माझ्या कानाला लावला. मी वाट पाहत राहिलो, आवाज येईना.

"बंद आहे."

"बंद नाही. ऐक."

मग वारा ऐकू आला. त्याच्याखाली पाणी, चिखलातून बुडबुडे फुटावेत तसं. कुठेतरी लाकूड लाकडाला घासत होतं, होडी असेल. आणि जवळ, अगदी कानापाशी, एक माणूस श्वास घेत होता. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग लांबून एक बारीक शीळ आली आणि तो माणूस हळूच, शेजारी झोपलेल्या कुणाला जाग येऊ नये अशा बेताने म्हणाला, "आली."

"सतरा मिनिटं," ताई म्हणाली. "त्या एका शब्दासाठी ते सतरा मिनिटं थांबले. लिहिताना मी हे सगळं पुढे ढकलायची. पुढे, पुढे, शब्द आला की लिहायचं. सहा वर्षं मी यांचं थांबणं गाळलं, बारक्या."

"लिहायचं काय त्यात? वारा?"

ती हसली, हेडफोन परत घेतला. अजून गॅलरीत आहे. मी हे स्वयंपाकघरातून लिहितोय. भात मी लावला. पाणी जास्त झालं.

११ तारीख, मंगळवार

जोडला. चौदाही स्क्रू बसले, एकही उरला नाही. वायर लावली, दिवा लागला. माझा जीव भांड्यात पडला. मग लिहायला गेलो.

बरीच अक्षरं येतात. पाच बटणं मेलेली आहेत, मधल्या ओळीतली, उजव्या हाताची. प, र, क, त आणि च. 'ताई' लिहिलं तर त गायब, नुसता काना ठिपक्यांच्या गोळ्याला लटकलेला. 'बारक्या'चं पोटच नाही. आणि त्या बटणांवरचीच वरची अक्षरंही गेल्यामुळे 'कॉफी' लिहिलं तर क नाही, फ नाही, दोन चिन्हं हवेत. कॉफीने पहिल्यांदा स्वतःचंच नाव पुसलं. मी एकटाच हसलो.

ताईला बोलावलं. कुठली पाच बंद आहेत ते सांगितलं आणि म्हटलं, काहीतरी लिहून बघ, बाकीची नीट चालतात का ते कळेल.

ती बसली. हात बटणांवर ठेवले, डोळे मिटले. आठ दिवसांनी तिचे हात तिथे बघून मला बरं वाटलं. जरा थांबली, मग सावकाश लिहिलं.

मला जायला हवं.

एकही अक्षर पडलं नव्हतं. सगळी जिवंत अक्षरं निवडून तिने आख्खं वाक्य केलं. माझं तर डोकंच चाललं नसतं.

"वा," मी म्हणालो. "कसं काय सुचलं?"

"सुचलं."

"कुठे जायला?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "अक्षरं आली ना नीट?"

"आली की."

"मग झालं तर," म्हणाली, आणि ती ओळ पडद्यावर तशीच ठेवून भाजी चिरायला गेली. मी ती पुसली नाही. मशीन बंद करताना जतन करू का असं विचारलं, तेव्हा हो म्हटलं. एवढी नीट ओळ होती.

१२ तारीख, बुधवार

भिंगाखाली खालचा पापुद्रा तपासला. सापडलं. पाचही बटणांना जाणारी एकच रेघ आहे आणि ती एका जागी काळी पडून खाल्ली गेलीय. तांदळाच्या दाण्याएवढं अंतर. तेवढ्यासाठी पाच अक्षरं मुकी.

दुरुस्तीवाल्याकडे गेलो. टोपलीत टाकायची वस्तू मी उघडून, धुऊन, परत जोडली हे ऐकल्यावर त्याने मला स्टूल दिलं. म्हणाला, कथलाचा डाग द्यायला जाऊ नका, प्लॅस्टिक वितळेल. वीज वाहून नेणारी चांदीची शाई मिळते, बारीक कुंचल्याने रेघ ओढायची आणि दोन दिवस हात लावायचा नाही. मागवून देतो, आठवडा लागेल.

"इतकं कुणासाठी करताय?"

"बहिणीसाठी."

"तिला हाच कीबोर्ड पाहिजे?"

पाहिजेच, म्हणालो. परत येताना मनात आलं, तसं ती एकदाही म्हणालेली नाही.

१३ तारीख, गुरुवार

खाडीवाल्यांचा फोन आला. सहा वर्षांत पहिल्यांदा. ताई अंघोळीला गेली होती, मी उचलला.

"बाई आहेत का?" आवाज ओळखीचाच, पण समोरून प्रश्न विचारणारा. हेडफोनमधल्या माणसाने मान वळवून आपल्याकडे पाहावं तसं झालं.

"पानं आली नाहीत दहा दिवस," ते म्हणाले. "पानांचं राहू द्या. बाई बऱ्या आहेत ना?"

मी कॉफीचं सगळं सांगितलं, माझा दोष आहे हेही सांगितलं. ते म्हणाले, "अच्छा," आणि गप्प राहिले. किती वेळ. फोन कट झाला की काय म्हणून मी दोनदा हॅलो केलं.

मग ताई ओल्या केसांनी आली आणि फोन घेऊन गॅलरीत गेली. पाऊण तास. बहुतेक वेळ दोघंही काही बोलत नव्हते असं मला दारातून वाटलं. पुस्तक लांबलं म्हणून ते नाराज असणार. आत आली तेव्हा ताईचे कान लाल झाले होते.

"रागावले का?"

"अं? नाही. शेकाट्यांची पिल्लं बाहेर यायचे दिवस आहेत म्हणाले. लांब पायांचे पक्षी असतात ते, काळे-पांढरे. मी त्यांच्यावर चाळीस पानं लिहिलीत, बारक्या. एक पाहिलेला नाही."

नंतर जेवताना म्हणाली, "कीबोर्ड होईपर्यंत चार दिवस जाऊन येऊ का?"

मी म्हटलं, जा की. काम बंदच आहे. तिकडे जाऊन माफी मागितलीस तर तेही बरं दिसेल.

१५ तारीख, शनिवार

ताई सकाळच्या गाडीने गेली.

काल दिवसभर मला शिकवणं चाललं होतं. भाताला पाणी किती, कपडे धुवायच्या यंत्राचं कुठलं बटण दाबायचं, वीजबिलाच्या पावत्या कुठे, साखरेच्या गोळ्या संपत आल्या की दोन दिवस आधी आणायच्या. मी म्हटलं, चार दिवसांत असं काय काय संपणार आहे. म्हणाली, माहीत असावं. आईच्या फोटोमागची भिंतही पुसून गेली.

बसस्टँडवर तिच्याकडे एक लहान बॅग आणि छत्री. केस नवीन पद्धतीने बांधले होते, मानेवर सैल. छान दिसतेस, म्हणालो. ते ऐकून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. चष्म्याचा नंबर वाढला असेल, परत आली की दुकानात घेऊन जायला हवं.

घरी आलो. घर फार मोठं नाही आमचं. दोन खोल्या आणि गॅलरी.

१९ तारीख, बुधवार

चार दिवस संपले. ताईचा फोन, अजून थोडे दिवस राहते. पिल्लं दोन बाहेर आलीत, दोन यायचीत. मागे वारा होता. ती त्या वाऱ्यातून बोलत होती, म्हणजे मी ऐकला होता तोच वारा, आणि त्यात आता ताई होती.

चांदीची शाई आली. अत्तराच्या कुपीएवढी बाटली. उद्या हात स्थिर असताना करणार, सकाळी.

२० तारीख, गुरुवार

दुकानात उशिरा येतो म्हणून कळवलं. खिडकीपाशी बसून, भिंग लावून रेघ ओढली. एकाच दमात. श्वास धरला होता. ओली रेघ चमकत होती, मग हळूहळू मंद झाली. तांदळाचा दाणा भरून निघाला.

खिडकीतून ऊन सरकत टेबलाच्या कडेपर्यंत आलं आणि मी तसाच बसून होतो. दुकानात जायला पाय निघेना. खोलीत ताईच्या खुर्चीचा, दिव्याचा, भिंतीवरच्या कॅलेंडरचा आवाज येत होता. वस्तूंना आवाज असतो हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

२२ तारीख, शनिवार

जोडला. सगळी अक्षरं येतात. प, र, क, त, च. 'परत', 'चकती', 'कातर', 'तर्क' लिहून पाहिलं. पन्नास वेळा दाबून पाहिलं. पूर्वीपेक्षा हलका चालतो.

बटणं बसवताना एक गोष्ट लक्षात आली. शिंपिणीला काल विचारलं, त्या दिवशी तू वर आलीस तेव्हा काय पाहिलंस? म्हणाली, दारातून टेबल दिसतं, ताई हेडफोन लावून हसत होत्या, एकट्याच, आणि हात असा हवेत पुढे केला, कुणी काही दिलं तर घ्यावं तसा. म्हणजे धक्का तिचा लागला असणार, आणि तो चिकटपणाही तिच्याच साखरेचा. माझा नाही. मग बोलली का नाही? कप कुणाचा होता त्याने तसा काही फरक पडत नाही. कीबोर्ड झाला हे खरं.

संध्याकाळी फोन आला. "झाला का रे?"

मी म्हणालो, "अजून वाळतोय."

का म्हणालो ते माहीत नाही. तोंडातून निघून गेलं.

२३ तारीख, रविवार

आज पुन्हा विचारलं. पुन्हा म्हणालो, वाळतोय, हवा दमट आहे.

"इथेही दमट आहे," ती म्हणाली. "पण वाळतं इथे सगळं. वारा आहे ना."

मी हिशेब केला तो असा: कीबोर्ड झाला असं सांगितलं की ती कामासाठी परत येईल. मग मी सांगत का नाही? हे लिहून काढल्याशिवाय मला झोप येणार नाही म्हणून लिहितो. ती परत येणार नाही असं मला वाटतं. कीबोर्ड झाला म्हटलं तर ती म्हणेल पाठव. जोवर तो होत नाही तोवर ती फक्त गेलेली आहे, तिकडे राहिलेली नाही.

लिहिलं आणि परत वाचलं. खोडायचं म्हटलं तर शाईचं पेन आहे.

२५ तारीख, मंगळवार

दुकानात एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या चष्म्याच्या काचा मी चुकीच्या फ्रेमला बसवल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मालकांनी तो चष्मा मागे घेतला. दुपारी डबा खाताना म्हणाले, "घरी काय झालंय?"

मी सांगितलं. खोटं बोललो तेही सांगितलं.

मालकांनी घास संपवला. मग म्हणाले, "तुझी बहीण इथे एकदाच आली होती. बारा-तेरा वर्षं झाली. तुझ्या नोकरीचं विचारायला. मी म्हटलं, मुलगा स्वतः का आला नाही? म्हणाली, तो लाजतो. तेव्हा तू तीस-एकतीसचा होतास."

हे मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं मालकांनी मला बोलावून घेतलं.

संध्याकाळी मीच फोन केला. "ताई, झाला. शनिवारीच झाला होता."

तिकडून काही आलं नाही. मी थांबलो. पुढे ढकललं नाही.

"माहीत आहे," ती म्हणाली. "चांदीची शाई दोन दिवसांत वाळते. ते इथे म्हणाले मला. त्यांनीही एकदा रेकॉर्डरच्या आतल्या रेघेला लावली होती."

"पाठवू का?"

"पाठव," ती म्हणाली. मग, "नाही तर तूच घेऊन ये ना."

२९ तारीख, शनिवार

सहा तासांची गाडी. कीबोर्ड मांडीवर, उशीच्या अभ्र्यात, वरून टॉवेल. शेजारच्या बाईंनी विचारलं, वाद्य आहे का. हो म्हटलं.

शेवटचा तासभर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फक्त पाणी आणि चिखल आणि त्यावर आकाश. कुठे काय संपतं ते कळत नव्हतं. गाडी तरंगतेय असं वाटत होतं. मी बहुतेक डुलकी घेतली असावी, कारण ताई चिखलातून चालत गाडीबरोबर येतेय असं दिसलं, आणि जागा झालो तर ती खरंच थांब्यावर उभी होती. उन्हाने काळवंडलेली. गुडघ्यापर्यंत चिखल.

खाडीवाले माझ्या कल्पनेपेक्षा बुटके निघाले. साठीचे असतील. त्यांनी हात पुढे केला तो माझ्या हाताच्या जरा डावीकडे, आणि मला कळलं. मी चष्मेवाला आहे, मला दुसऱ्या कुणाआधी कळायला हवं होतं. भिंगं जाड आहेत, पण त्यांच्या मागचे डोळे भिंगांच्या आवाक्याबाहेर गेलेत. उजेड आणि सावली एवढंच. म्हणून लिहीत नाहीत, बोलून ठेवतात. पक्षी ते आता कानाने पाहतात.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"वाढत वाढत सात वर्षं. बाईंना मी सांगितलं नव्हतं. त्यांनी आवाजावरून ओळखलं," ते म्हणाले. "दीड वर्षापूर्वी म्हणे. मी रंग सांगणं बंद केलं होतं."

ताई चहा घेऊन आली. त्यांनी न पाहता हात हवेत पुढे केला आणि तिने न पाहता कप त्यात ठेवला. दोन आठवड्यांत बसलेली सवय.

जेवण झाल्यावर कीबोर्ड लावला. खोलीत एक टेबल, एक खिडकी, खिडकीबाहेर ओहोटी. ताईने हात ठेवले. एकेक बटण दाबून पाहिलं. पाचही अक्षरांपाशी जरा जास्त थांबली.

"छान झालाय रे," म्हणाली. "मला वाटलं नव्हतं होईल."

"मला पण."

मग ते बोलू लागले आणि ती लिहू लागली. तो आवाज, यावेळी खोलीत. कालची नोंद होती. संध्याकाळचं पाणी, शेकाट्याची मादी, तिसरं पिल्लू. ते म्हणाले, "पाणी शांत होतं."

"थांबा," ताई म्हणाली.

ते थांबले. मी ताईला घरात कुणाला थांबा म्हणताना ऐकलेलं नाही. आईला नाही, मला नाही.

"शांत नव्हतं. मी होते तिथे. ते नुसतं गप्प होतं. खालून हलत होतं."

"हो?" ते म्हणाले. "मग तुम्हाला दिसलं तसं लिहा."

ताई खिडकीबाहेर बघत राहिली. बऱ्याच वेळाने तिने लिहायला सुरुवात केली, आणि ते ऐकत बसले. बटणांचा आवाज ऐकत. मध्ये एकदा त्यांनी मान हलवली, कुठला शब्द आला ते कळल्यासारखी. पडदा तिच्याकडे होता. काय लिहिलं ते मी पाहिलं नाही.

३० तारीख, रविवार

दुपारच्या गाडीने निघालो. राहा म्हणाले दोघंही, पण उद्या दुकान आहे, आणि त्या म्हाताऱ्या गृहस्थांचा चष्मा मला स्वतःच्या हाताने द्यायचाय.

ताई थांब्यापर्यंत आली. बांधाच्या वाटेने, पुढे ती, मागे मी. छापखान्याने पंधरा दिवस वाढवून दिलेत म्हणाली. त्यानंतर दुसरं पुस्तक आहे. त्यानंतरचं तिने काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

थांब्यावर कुणी नव्हतं. ती माझ्या शर्टाच्या कॉलरला लागलेला चिखल नखाने काढत होती.

"एकटा राहशील ना रे?"

"ताई, मी त्रेचाळीस वर्षांचा आहे."

"हो का?" ती म्हणाली. हात कॉलरवरच राहिला. "कधी झालास?"

आम्ही दोघंही हसायला लागलो. ती इतकी हसली की खाली दगडावर बसली, आणि मग ते हसणं राहिलं नाही. मी शेजारी बसलो. तिच्या पाठीवर हात ठेवावा असं वाटलं, आमच्याकडे तशी पद्धत नाही, तरी ठेवला.

"ये अधूनमधून," ती म्हणाली.

"येईन. तूही ये."

गाडी आली. मी मागची खिडकी धरली. माझ्या शाळेच्या सहलीपासून ताईची रीत आहे, गाडी वळणाआड जाईपर्यंत उभी राहायची, हात वर धरून. आज गाडी सुटायच्या आतच तिने घड्याळ पाहिलं, मला हात केला आणि वळली. भरतीची वेळ झाली होती. बांधावरून भराभर चालत गेली, चपला हातात घेऊन. पाण्याच्या अलीकडे पोचेपर्यंत दिसत होती.

मी तिच्या जागी हात वर धरून बसलो होतो, ते कंडक्टरने तिकीट मागितलं तेव्हा लक्षात आलं.